काळापत्थर येथील सूर्यास्त, सायंकाळी साडेसहा

२ नोव्हेंबर, शनिवार. दिवाळी पाडवा.

सौ.ने ओवाळलं. मी ताटात पाकीट ठेवलं. तिने ते उचलून परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, पाकीट नको, साडी नको. मला एकदा सूर्य समुद्रातून वर येताना बघायचाय.

मी म्हटलं, मग जा की भाट्याच्या किनाऱ्यावर. कोणी अडवलंय?

म्हणाली, भाट्याला तो बुडतो. एकसष्ट वर्षं बुडतानाच बघतेय. उगवतो तो डोंगरामागून, आणि आपल्या दारात येईस्तो पार म्हातारा झालेला असतो.

हे अंगणवाडीतलं बोलणं. तीस वर्षं पोरांना बडबडगीतं शिकवली की माणूस असं बोलायला लागतो. अंदमानात तसा सूर्य दिसतो, हे पुण्याहून समीक्षाने तिच्या कानात भरवलंय. लेक आहे, आईचीच री ओढणार.

मंजूर केलं. कपाळाला कुंकू लावून घेत असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. अट एकच घातली, प्लॅन मी करणार. चौतीस वर्षं बंदर खात्यात काढली आहेत. समुद्र म्हणजे काय हे मला कोणाच्या मोबाईलवरून शिकायचं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.

रत्नागिरीत मारुती मंदिर नाक्यावर संदेशच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेलो. संदेश म्हणजे माझ्या जुन्या हेडक्लार्कचा मुलगा. बापाला फाईल सापडायची नाही, मुलगा लोकांना बेटं दाखवतो. त्याचा वीस माणसांचा ग्रुप १८ जानेवारीला निघतोय. म्हणाला, काका, दोन जागा धरून ठेवतो, नावं नाताळच्या आत पक्की करा, मग तिकिटं काढतो.

रंगीत पुस्तिका फुकट होत्या. चार घेतल्या.

संकल्प केला. रोज सकाळी दोन तास अंदमानचा अभ्यास. कुठला किनारा, किती वाजता, पाणी किती, सगळं कोष्टकात. ट्रॅव्हलवाले माणसांना मेंढरांसारखं हाकतात. आपण मेंढरू नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार.

अभ्यास झाला नाही. सकाळी विहिरीचा पंप बिघडला.

९ नोव्हेंबर, शनिवार.

तक्ता तयार. ऑफिसातून रिटायर होताना आणलेला कार्डशीट अखेर कामी आला. तीन रंगांची पेनं वापरली. चौदा ठिकाणं. प्रत्येकापुढे वार, वेळ, भरती, ओहोटी, शेरा. भरतीच्या वेळा रत्नागिरीच्या कोष्टकातून घेतल्या. पाणी सगळीकडे एकच आहे.

तक्ता माजघरात, कॅलेंडरच्या शेजारी लावला. सौ. चष्मा लावून बराच वेळ उभी होती. मग विचारलं, माझा सूर्य कुठे आहे यात? मी म्हटलं, धीर धर, अजून छाननी व्हायची आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

छाननी सुरू. चौदा ठिकाणं म्हणजे खिचडी. जे आपल्याकडे आहे ते बघायला तिथे जायचं नाही, हा निकष ठरवला. कडक, पण न्याय्य.

चुनखडीच्या गुहा. रद्द. दगड बघायला विमानात बसायचं? आमच्या सड्यावर हजारो वर्षांची कातळशिल्पं उघडी पडली आहेत, ती बघायला शेजारचा माणूस जात नाही. पिकतं तिथे विकत नाही.

चिखलाचा ज्वालामुखी. रद्द. पुरानंतर चिपळूणला मेव्हण्याचं घर धुवायला गेलो होतो. त्या चिखलाची हौस अजून फिटतेय.

एलिफंट बीच. हत्ती नाही. चौकशी केली. रद्द.

काचेच्या तळाची बोट. बोटीच्या तळाला काच! हे कोणत्या शहाण्याने पास केलं? आत बसून म्हणे खालचे मासे बघायचे. आमच्याकडे सखू मासेवाली रोज सकाळी पाटी घेऊन पायरीवर येते. हवे तेवढे बघा, उलटेपालटे करून बघा. रद्द.

सेल्युलर जेल ठेवलं. नमस्कार करायला हवाच, शिवाय तिथे गाडी दारापर्यंत जाते. चिडियाटापूही ठेवलं, तिथेही गाडी जाते.

सौ. म्हणाली, तुम्ही किनारे निवडताय की पार्किंग?

१७ नोव्हेंबर, रविवार.

आज मन मोठं केलं. हॅवलॉक नावाच्या बेटावरचे दोन किनारे सौ.च्या खात्यात टाकले. राधानगर हा सगळ्यांत नावाजलेला, म्हणून सूर्योदय तिथे ठेवला, सकाळी ७.०५, पंचांग बघून. सगळ्यांत चांगलं ते बायकोला, असा माझा स्वभाव आहे. कोणी बघत नाही हा भाग वेगळा.

दुसरा काळापत्थर. काळे कातळ आहेत, म्हणजे अगदी आपल्यासारखंच, परकं वाटणार नाही. तिथे सूर्यास्त, सायंकाळी ६.३०. हिरव्या पेनाने लिहिलं, खाली लाल रेघ मारली.

तक्त्यावर आता चारच नोंदी आहेत. सुटसुटीत दिसतं.

२० नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९.

सखू आली. मूळची हर्ण्याची. नवरा ट्रॉलरवर खलाशी होता, तो गेल्यापासून हिने पाटी घेतली. आपल्याकडे पंचवीस वर्षं मासे घालतेय, त्यामुळे घरात कुठेही डोकावायचा परवाना आहे असं समजते. आज तक्ता बघितला. म्हणाली, काय ओ भाऊ, ह्या बेटावरना त्या बेटावर कसं जायचं?

सौ. म्हणाली, बोटीने. दीड-दोन तास लागतात.

मी आत गेलो. पोटात गॅस झाला होता. काल रात्रीचे वाल.

बाहेरून ऐकू आलं, सखू म्हणत होती, भाऊंना बोट लागते काय गो वैनी? सौ. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दोघी हसल्या नाहीत, एवढं नक्की.

२४ नोव्हेंबर, रविवार.

सौ.ने सुचवलं, आधी थोडी सवय करू. शितावरून भाताची परीक्षा. भाड्याची गाडी केली. गणपतीपुळ्याला दर्शन, मालगुंडला तिच्या चुलतबहिणीकडे जेवण, मग जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडे तवसाळ. गाडीसकट बोटीवर चढायचं, दहा मिनिटांत पलीकडे. शाळेतली पोरं रोज जातात.

गाडीतून उतरलो नाही. गाडीवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. सौ. कठड्याला जाऊन उभी राहिली, पदर उडत होता, मागे वळून मला हाक मारत होती. मी डोळे मिटले होते, कारण ऊन होतं.

तवसाळला उतरल्यावर जो प्रकार झाला त्याचं कारण मालगुंडची सोलकढी. आंबट होती. चुलतबहिणीला कळवायला हवं. सौ.ने कपाळ धरलं, बाटलीतलं पाणी दिलं, पदराने तोंड पुसलं. दोन म्हशी बघत होत्या.

परत येताना बोटीने आलो नाही. गुहागर, चिपळूण करून रस्त्याने आलो. साडेचार तास लागले. निसर्ग बघायचा होता. सौ. पूर्ण रस्ताभर बोलली नाही. ड्रायव्हर बोलत होता, तोही सावर्ड्यानंतर गप्प झाला.

१ डिसेंबर, रविवार.

संकल्प. शरीराला लाटांची सवय लावायची. शास्त्रीय पद्धत शोधली आहे. पडवीतल्या झोपाळ्यावर रोज दहा मिनिटं, दरदिवशी दोन मिनिटं वाढवत जायची. निघायच्या आत दीड तासावर पोचेन.

आज तीन मिनिटं. कड्या करकरतात. तेल घालायला हवं.

३ डिसेंबर, मंगळवार.

तेल आणायला विसरलो.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी.

समीक्षा दोन दिवसांसाठी आली आहे. आल्या आल्या तक्त्यासमोर उभी राहिली. मला वाटलं कौतुक करणार. हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग आईकडे बघून एकदम थांबली.

म्हणाली, बाबा, राधानगर पश्चिमेला आहे. तिथे सूर्य मावळतो. काळापत्थर पूर्वेला. तिथे उगवतो. तुम्ही बरोब्बर उलटं लिहिलंय. आणि तिकडे जानेवारीत पावणेसहाला उजाडतं, सव्वापाचला सूर्य बुडतो. साडेसहाला काळापत्थरवर काळोखात काय बघणार होतात?

मी शांतपणे समजावलं. किनारा म्हटला की पश्चिम. आख्ख्या रत्नागिरीत कोणालाही विचारा समुद्र कुठे, हात पश्चिमेलाच जाईल. समुद्राला तोंड करून उभं राहिलं की सूर्य समोर बुडतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. एखाद्या बेटाने उगाच दोन्हीकडे समुद्र करून ठेवला, तर त्यात माझी काय चूक?

सौ. कडवे वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, म्हणजे या तक्त्याप्रमाणे गेले असते तर एवढ्या लांब जाऊनसुद्धा मला तो दिसलाच नसता.

मी म्हटलं, दिसला असता की, दुपारी. डोक्यावर.

विनोद होता. ती हसली नाही. समीक्षाने सुद्धा माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी कोणाचा तरी डबा लाथाडला. एवढं मनावर घेण्यासारखं त्यात काय होतं? चूक झाली म्हणून खोडरबर असतो.

९ डिसेंबर, सोमवार.

तक्ता सुधारला. दोन्ही किनारे भरवशाचे नाहीत असं दिसून आल्यामुळे हॅवलॉक संपूर्ण रद्द. सूर्योदय पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलच्या गच्चीवरून बघायचा. लिफ्ट आहे. चहा वर मिळतो का हे संदेशला विचारायचं.

सौ.ला दाखवलं. तिने विचारलं, गच्चीवरून समुद्र दिसतो? मी म्हटलं, दिशा तरी दिसेल. ती तक्त्यासमोरून निघून गेली आणि मागच्या दारी भांडी घासायला बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

माणसाने किती म्हणून जुळवून घ्यायचं?

१३ डिसेंबर, शुक्रवार.

आज सौ. समोर येऊन बसली. हातात मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, बोट लागू नये म्हणून घेतात त्या. म्हणाली, अहो, एकदा फक्त म्हणा की मला भीती वाटते. मी कोणाला सांगणार नाही. म्हणालात तर नाही नेणार तुम्हांला, किंवा यायचंच असेल तर हात धरून नेईन, दोन तास सोडणार नाही. पण सोलकढी म्हणू नका, गॅस म्हणू नका. सदतीस वर्षं मी तुमचे गॅस सांभाळलेत. गोव्याला जायचं होतं तेव्हा तुमचं ऑडिट निघालं. वेंगुर्ल्याला भाचीचं लग्न होतं तेव्हा पाठ. माझ्या बापाच्या अस्थी सोडायच्या होत्या तेव्हा होडीत माझा भाऊ बसला आणि तुम्ही धक्क्यावर चपला सांभाळल्यात.

मी म्हटलं, भीती? मला? चौतीस वर्षं बंदर खात्यात होतो.

ती म्हणाली, टेबलावर.

एवढं लागेल असं ती पूर्वी बोलत नसे. मी रिटायर झाल्यापासून तिची जीभ सुटली आहे. मी उठून पडवीत गेलो. गोळ्या तशाच टेबलावर. मी घेणार नाही. ज्याला आजार नाही त्याने औषध घेऊ नये, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

झोपाळ्यावर बसलो. हलवला नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार.

संदेशचा फोन. काका, नावं? मी म्हटलं, वरच्या पातळीवर विचाराधीन आहे.

हे बोलता बोलता सुचलं. वरची पातळी! आपण इतके दिवस मूळ ठिकाणी विचारलंच नाही. गावच्या देवीला कौल लावल्याशिवाय आमच्या घरात विहीर खणली नाही, समीक्षाचं लग्न ठरवलं नाही. आणि समुद्र ओलांडायला निघालो न विचारता! माझीच चूक. मोठ्या मनाने मान्य करतो.

दादू गुरवाला फोन लावला. रविवारी येतो म्हटलं. गाऱ्हाण्याचा मसुदा मी स्वतः करून त्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. आयत्या वेळी गोंधळ नको.

आज रात्री भूक चांगली लागली.

२२ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ५.

देवळातून आलो. घडलं ते क्रमाने लिहितो.

दादूने पाषाणावर ओल्या फुलांच्या कळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मग खणखणीत आवाजात माझं गाऱ्हाणं घातलं. बा देवी म्हाराजा, हे तुजं लेकरू इश्राम आज तुज्या पायाशी उभं हाय. घरच्या कर्त्या पुरुषाने तुजा पहारा सोडून समुद्रापार जाऊ नये असं तुज्या मनात असेल, तर उजवा कौल दे म्हाराजा! होय म्हाराजा म्हणायला मी एकटाच होतो. तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.

दोन मिनिटांत उजवी कळी पडली. डोळे भरून आले. माझी तर बॅग भरायची तयारी होती, पण देवीनेच अडवलं म्हटल्यावर माणसाचा काय इलाज? सौ.कडे वळून मान हलवली, जशी वाईट बातमी सांगताना हलवतात. खांदाही थोपटणार होतो.

सौ. म्हणाली, दादू, आता माझं घाल.

तिच्याकडे मसुदा वगैरे काही नव्हता. दादूला तिने मध्ये घेतलंच नाही, हात जोडून देवीला थेट विचारलं, आई, मी एकटी जाऊ का गं?

दादूचा हात मागे यायच्या आत उजवी कळी खाली.

मी म्हटलं, परत लाव, वारा आला होता. दादू म्हणाला, इश्रामभाऊ, गाभाऱ्यात वारा खयचा? आणि उजवा दिल्यावर परत विचारत नाहीत, ह्यो नेम तुमीच मना समीक्षाच्या लग्नाच्या टायमाला शिकवलात.

नेम मला माहीत आहे. मसुद्यात त्रुटी राहिली, हे नमूद करतो. कर्त्या पुरुषाने असं न लिहिता कुटुंबातील कोणीही असं लिहायला हवं होतं. ड्राफ्टिंगमध्ये असं होतं कधी कधी.

२४ डिसेंबर, मंगळवार.

सौ. रिक्षा करून एकटी संदेशकडे जाऊन आली. दोन नावं देऊन आली. एक सावित्री विश्राम नागवेकर. दुसरं माझ्या जागेवर, सखू!

मी विचारलं, मासेवाली? तुझ्या शेजारी, विमानात?

म्हणाली, तिला बोट लागत नाही.

सखूचे पैसे सौ.ने अंगणवाडीतून निवृत्त होताना मिळालेल्या स्वतःच्या रकमेतून भरले. सखू म्हणे आधी नाही म्हणत होती, मग वर्षभर मासे घालून फेडते म्हणाली. म्हणजे यापुढे माझ्या ताटातला प्रत्येक बांगडा हा माझ्याच रिकाम्या खुर्चीचा हप्ता! गिळायचा कसा?

लोक काय म्हणतील याचा विचार या घरात फक्त मीच करतो.

१२ जानेवारी, रविवार.

घरात तयारी. दुपारभर दोघी माजघरात बसतात. सखूने आयुष्यात पहिल्यांदा चेन असलेली बॅग घेतली, ती पंचवीस वेळा उघडून बंद केली. सौ. तिला सही घोटायला शिकवतेय. मी उपयुक्त सूचना द्यायला गेलो की दोघी गप्प होतात, अगदी आदराने. मी बाहेर आलो की परत सुरू.

तक्ता काढला. खिळ्याची भोकं दिसतात म्हणून कॅलेंडर थोडं सरकवलं.

१८ जानेवारी, शनिवार.

गेल्या. स्टेशनवर सोडायला जाणार होतो, पण सकाळी पाठीत लचक भरली. दारापर्यंत गेलो. सौ.ने फ्रीजमध्ये काय कुठे आहे ते सांगितलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, काळापत्थरवरून तुम्हांला फोन करीन, व्हिडिओवर. मंगळवारी. निदान फोनवर तरी बघा.

मी म्हटलं, बघू.

तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. चौतीस वर्षं काउंटरवर हेच म्हणत आलो.

१९ जानेवारी, रविवार.

शांतता. या शांततेसाठी माणसं हिमालयात जातात. पिठलं केलं. खाली लागलं.

२० जानेवारी, सोमवार.

समीक्षाने पुण्याहून फोटो पाठवला, तिला सौ.कडून आलेला. बोटीच्या डेकवर सखू आणि सौ., दोघी गॉगल घालून. मागे सगळं पाणी. पटकन बंद केला. स्क्रीनचा प्रकाश डोळ्यांना त्रास देतो.

उद्याचा फोन घ्यायचा. पक्कं. गजर सहा पन्नासचा लावला, सात पाचला सूर्य. चार्जर डोक्याशी.

२१ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.

पाच मिस्ड कॉल. ५.४१, ५.४३, ५.४४, ५.४६, ५.४७.

तिथे लवकर उजाडतं. सांगितलं होतं समीक्षाने. तेव्हा मी वाद घालत होतो.

सात वाजून एक मिनिटाने फोन लावला. सौ.ने उचलला. मागे लोकांचे आवाज होते, कोणीतरी प्लेट मागत होतं. म्हणाली, झाला उगवून. नाश्ता करतोय आम्ही. तुम्ही झोपा.

इथे अजून पुरतं उजाडलं नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार.

उद्या येणार. मुद्दे काढून ठेवले आहेत. ती सांगायला लागली की मध्ये तोडायचं नाही. पूर्ण ऐकून घ्यायचं. मग शेवटी दोन-तीन प्रश्न. तिथल्या पाण्याचा रंग, वाळूचा पोत, ढग होते की नाही. मोठ्या मनाने म्हणायचं, छान झालं हो.

घर झाडलं. करपलेलं पातेलं लपवलं.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी.

आल्या. सौ. उन्हाने काळवंडली आहे, पण चालताना हात हलवते आहे, पूर्वी पदर धरून चालायची. मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, बरं झालं. विचारलं, जेवण? म्हणाली, बरं होतं. पातेलं सापडलं, घासायला घेतलं.

दमली असेल. उद्या सांगेल.

२८ जानेवारी, मंगळवार.

उद्या झालं, परवाही झालं. शेजारी सांगितलं, समीक्षाला फोनवर पाऊण तास सांगितलं, दाराशी आलेल्या पोस्टमनलाही काहीतरी सांगितलं, तो पोटभर हसून गेला. मी खोलीत गेलो की विषय लाईटबिलावर येतो.

सकाळी सखू पाटी घेऊन आली तेव्हा सौ. आंघोळीला गेली होती. मला नको होती तरी एक सुरमई घेतली. सहज विचारल्यासारखं विचारलं, काय मग, दिसला का सूर्य?

सखू पाटीवरचं फडकं सारखं करत राहिली. मग म्हणाली, दिसला ना भाऊ. वैनी रडल्या ओ. आदी फोन लावत व्हत्या तुमाला, लावत व्हत्या, लावत व्हत्या, आणि त्यो वर येत व्हता. मी म्हटलं, वैनी, तो फोन ठेवा आता, ह्यो थांबायचा नाय. मग ठेवलान. मग जी रडली ती रडलीच. मग आमी दोगी साड्यांसकट पाण्यात बसलो.

उगवत्या सूर्याकडे बघितलं की डोळ्यांत पाणी येतंच. तो प्रकाशाचा परिणाम आहे.

इथे एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं.

३० जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.

विचारलं. सरळ स्वयंपाकघरात जाऊन. म्हटलं, सावित्री, कसा दिसतो गं तो? पाण्यातून येताना?

ती पोहे भिजवत होती. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलली, जशी पोरांशी बोलायची. म्हणाली, तुम्हांला नाही सांगायचं. तुम्हांला सांगितलं की तुम्ही त्याला काहीतरी नाव ठेवणार, मग तो तसाच होऊन बसेल. एवढा एक राहू दे माझ्यापाशी.

मी म्हटलं, बरं.

तिने पोह्यांची बशी आणून दिली आणि ती मागच्या दारी गेली, सखूची वेळ झाली होती. पोह्यात मीठ कमी होतं. खाल्ले.